प्रस्तावना : सापळा कशासाठी लावायचा

शेतकरी मेळावा असो, कांजूरमार्ग स्टेशनबाहेरचे मिठाईचे दुकान असो की सोसायटीची सभा, कीटकांच्या सापळ्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : याने कीड मरते का? प्रश्न साहजिक आहे. पैसे मोजून वस्तू आणली, टांगली, तर तिने काम करायला हवे. पण याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. काही सापळे कीड पकडून तिची संख्या खरोखर कमी करतात. बहुतेक सापळे मात्र कीड आली का, केव्हा आली, साधारण किती आली, एवढेच सांगतात. मारण्याच्या अपेक्षेने मोजणीचा सापळा लावला की माणूस निराश होतो आणि ‘सापळ्याचा काही उपयोग नाही’ म्हणत पुन्हा पाठीवर पंप चढवतो. हे पुस्तक लिहावेसे वाटले ते मुख्यतः याच गोंधळामुळे.

विषय शेतीचा आणि प्रस्तावना कांजूरमार्गातून, याचे कोणाला नवल वाटेल. पण या उपनगराच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आणि तिवरांचे जंगल आहे, तिथेच कचराभूमी आहे, पश्चिमेला पवईचा तलाव आणि टेकड्या आहेत. दर पावसाळ्यात डेंग्यूची धास्ती आहे. आणि खाडीपलीकडे वाशीचा बाजार, जिथे कोकणातला हापूस पेट्यांनी उतरतो. कीड आणि माणूस यांचा व्यवहार समजून घ्यायला ही जागा मुळीच वाईट नाही.

सुरुवात दुकानातल्या दिव्यापासूनच करू. मिठाईच्या काउंटरवर निळसर-जांभळी नळी आणि पुढे विजेची जाळी असलेला दिवा सगळ्यांनी पाहिलेला असतो. माशी आदळली की तडतड आवाज होतो आणि मालकाला समाधान वाटते. त्या नळीतून अतिनील किरण बाहेर पडतात. घरमाशीला ते चांगले दिसतात, म्हणून ती तिकडे ओढली जाते. डासांची गोष्ट वेगळी. चावणारी मादी माणसाला शोधते ती त्याच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या वासावरून आणि उबेवरून. नळीच्या उजेडाशी तिला फारसे देणेघेणे नसते. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या फ्रिक आणि टॅलमी यांनी १९९६ साली घराघरांतल्या अशा दिव्यांखाली मेलेले कीटक मोजले. १३,७८९ कीटकांत चावणारे निघाले फक्त ३१. बाकी सगळे निरुपद्रवी, काही तर उपयोगीच. शिवाय विजेच्या जाळीवर माशी फुटते तेव्हा तिचे बारीक तुकडे आजूबाजूला उडतात, म्हणून उघड्या खाद्यपदार्थांजवळ जाळीऐवजी चिकट पट्टीचा दिवा असावा, हे दुकानदारांना आवर्जून सांगावेसे वाटते. चिकट पट्टीचा आणखी एक फायदा आहे. तिच्यावरच्या माश्या दिसतात आणि मोजता येतात. या आठवड्यात मागच्यापेक्षा दुप्पट असतील तर गटाराचे झाकण, कचऱ्याचा डबा, मागचा दरवाजा, यांतले काहीतरी बिघडले आहे.

उजेडाकडे कीटक का येतात, याची उत्तरे आजवर बरीच दिली गेली : ते चंद्रावरून दिशा धरतात, त्यांना उबेची ओढ असते, दिव्याने त्यांचे डोळे दिपतात. जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाच्या बाजूला ठेवतो. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, त्यामुळे पाठ आकाशाकडे राहते आणि तोल सांभाळला जातो. मध्येच दिवा आला की कीटक पाठ दिव्याकडे वळवतो आणि त्याच्याभोवती घिरट्यांत अडकतो. दिव्याच्या बरोबर वरून गेला तर उलटा होऊन खाली कोसळतो. आपल्याकडे प्रकाश सापळ्यात पाण्याचे घमेले थेट दिव्याखाली ठेवायची पद्धत फार जुनी आहे. ती किती योग्य आहे, हे आता कारणासकट कळते.

या सापळ्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा उपयोग हुमणीसाठी होतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात हुमणीची अळी जमिनीत राहून मुळे खाते. ऊस पिवळा पडतो आणि हाताने ओढला तर बेटासकट उपटून येतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण मातीत खोल बसलेल्या अळीपर्यंत औषध पोचवणे कठीण. मात्र वर्षातून एकदाच तिची एक अडचण असते. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात. तपकिरी, बोटाच्या पेराएवढे, भरभर आवाज करत ते कडुनिंब, बाभूळ, बोरीच्या झाडांवर जमतात, पाला खातात आणि तिथेच त्यांचे मिलन होते. पहाटेपूर्वी पुन्हा जमिनीत. मग मादी पन्नास-साठ अंडी घालते आणि पुढचे वर्ष ठरून जाते.

म्हणून मेच्या शेवटच्या आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातल्या संध्याकाळी ही गावे जागी असतात. बांधावरच्या बाभळीजवळ बल्ब टांगलेला, खाली घमेले किंवा खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरून भरलेले पाणी, त्यात थोडे रॉकेल. काही जण काठीने फांद्या हलवतात, खाली पडलेले भुंगेरे बादलीत गोळा करतात. हा सापळा मोजणीपुरता नाही, तो मारण्याचाच आहे, आणि त्याचा हिशोब पक्का आहे : दिव्यावर नर येतात तशा माद्याही येतात आणि अंडी घालण्याआधी पकडलेली एक मादी म्हणजे पन्नास अळ्या कमी. पण तीच मादी पंधरा दिवसांनी सापडली तर तिने आपले काम उरकलेले असते. जुलैत हौसेने लावलेला दिवा म्हणूनच समाधानापलीकडे फारसे काही देत नाही. आणखी एक अट म्हणजे शेजार. भुंगेरा बांध ओळखत नाही. एकट्याने आपल्या दोन एकरांत दिवा लावण्यापेक्षा सगळ्या गावाने त्याच आठवड्यात लावला तरच फरक पडतो.

दिवा रात्रभर चालू ठेवू नये, एवढे इथेच सांगून ठेवतो. भुंगेऱ्यांची वर्दळ दिवस मावळल्यानंतरच्या दोन-तीन तासांत असते. त्यानंतर घमेल्यात पडणाऱ्यांत क्रायसोपासारखे मावा खाणारे मित्रकीटकही असतात, आणि त्यांना बुडवण्यासाठी आपण वीज जाळायची काही गरज नाही. पौर्णिमेच्या आसपास सापळ्यात कमी कीटक आले तर कीड घटली, असेही समजू नये. चांदण्यात दिव्याचा प्रभाव कमी होतो.

उजेडाच्या सापळ्याला निवड नसते. जो येईल तो. वासाचा सापळा याच्या अगदी उलट आहे. १९५९ साली जर्मनीत आडोल्फ बुटेनान्ट यांनी रेशीमकिड्याच्या मादीचा गंध रासायनिक रूपात वेगळा केला. त्यासाठी पाच लाखांच्या आसपास पतंग लागले. बोम्बिकोल असे त्याचे नाव. जातीजातीचा गंध वेगळा असतो, आणि त्याचा अगदी सूक्ष्म अंश वाऱ्यावर आला तरी नर मागावर निघतो, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. आपल्या कृषी सेवा केंद्रात ‘कामगंध सापळा’ म्हणून मिळतो तो याच ज्ञानावर उभा आहे. वर छत, मध्ये गंध भरलेली रबरी किंवा प्लॅस्टिकची कुपी, जिला सगळे ल्यूर म्हणतात, आणि खाली नरसाळे व पिशवी.

या कथेतला एक धागा मात्र भारतातच सुरू होतो, आणि तो कोकणच्या आंब्यापर्यंत येतो. बिहारमधल्या पुसा येथे एफ. एम. हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ काम करत होते. डास दूर ठेवायला वापरलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या येतात आणि त्या सगळ्या नर असतात, हे १९१२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले. पुढे १९१५ मध्ये त्यांनी दाखवले की मिथिल युजेनॉल या द्रव्याचे आकर्षण या नरांना विलक्षण आहे. हे द्रव्य तुळशीतही असते. वास लवंगेच्या जवळचा. गंमत अशी की हा मादीचा गंध नाहीच. नर माशी ते द्रव्य चाटते, आपल्या शरीरात बदलून साठवते आणि त्यापासून मादीला बोलावण्याचा गंध तयार करते. ज्याने ते खाल्ले त्याला मादी मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून तो जिवावर उदार होऊन येतो.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने याच द्रव्यावर ‘रक्षक’ सापळा तयार केला. प्लॅस्टिकच्या डब्यात मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेला लाकडाचा ठोकळा, बाजूने आत शिरायला भोके. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बागांत एप्रिल-मेमध्ये तो फांद्यांवर सावलीत लटकलेला दिसतो. डबा उघडला की तळाशी तांबूस-काळ्या, पिवळ्या खुणांच्या माश्यांचा थर. पाहणाऱ्याला वाटते, संपल्या माश्या. पण त्या सगळ्या नर आहेत. फळाला भोक पाडून अंडी घालणारी मादी बागेतच आहे, आणि एक वाचलेला नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणजे दहातले आठ नर पकडले तरी अंडी थांबत नाहीत. जवळजवळ सगळे पकडले गेले पाहिजेत. हे अशक्य मात्र नाही. प्रशांत महासागरातल्या रोटा या छोट्या बेटावर १९६० च्या दशकात मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून टाकून हीच फळमाशी समूळ संपवली गेली. तिथे चारी बाजूंना समुद्र होता. आपल्या बागेच्या चारी बाजूंना दुसऱ्यांच्या बागा असतात, पेरू असतो, रायवळ आंबा असतो, आणि गळालेली फळे झाडाखाली तशीच पडलेली असतात. त्या फळांतली अळी मातीत कोष करते आणि नवी माशी होऊन वर येते. गळ गोळा करून खोल पुरली नाही तर डबा कितीही भरला तरी उपयोग अर्धाच.

या माशीची किंमत काय, ते १ मे २०१४ ला सगळ्या देशाने पाहिले. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी सापडल्याने युरोपीय संघाने आपला आंबा आणि काही भाज्या बंद केल्या, ऐन हंगामात. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. आज युरोपला जाणारा आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवून मग पाठवतात. पण गरम पाणी हा शेवटचा पहारा. पहिला पहारा बागेतला डबा आहे, आणि तो माशी मारतो यापेक्षा ती कोणत्या आठवड्यात वाढली हे सांगतो, यालाच मी जास्त महत्त्व देतो.

मोजणीचे महत्त्व समजायला विदर्भाकडे यावे लागते. गुलाबी बोंडअळी मूळची आपल्याच भूभागातली मानली जाते. शास्त्रात तिची पहिली नोंद १८४३ साली झाली, तीही भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून. बोंडअळीला मारणारे जनुक असलेला बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये, आणि काही वर्षे ही अळी विस्मरणात गेली. मग तिच्यात प्रतिकारशक्ती आली, आणि २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्राचा कापूस पोखरला. तिची अडचण अशी की ती दिसत नाही. अंड्यातून निघालेली अळी लगेच फुलात किंवा बोंडात शिरते, मागे छिद्र बुजते, आणि बोंड बाहेरून हिरवेगार. पाकळ्या अळीने जाळ्याने बांधलेले मिटके फूल, म्हणजे डोमकळी, एवढीच बाहेरची खूण. वेचणीला कवडी (किडका, डागाळलेला कापूस) निघते तेव्हा सगळे संपलेले असते.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती : औषधांची मिश्रणे, उंच वाढलेली पऱ्हाटी, संरक्षक कपड्यांचा अभाव. त्यांत एक कारण भीतीचे होते, असे मला वाटते. कीड आत आहे की नाही हे माहीत नसले की माणूस अंदाजाने फवारतो, आणि शेजाऱ्याने फवारले म्हणूनही फवारतो.

इथे कामगंध सापळा उपयोगी पडतो. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट उंच, एकरी दोन सापळे लावायचे, ते केवळ मोजण्यासाठी. सकाळी पिशवी उघडून पतंग मोजायचे. राखी-तपकिरी, भाताच्या दाण्याएवढे, बोटाला भुकटी लागते. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर मर्यादा ओलांडली. पण तेवढ्यावर पंप उचलायचा नाही. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडायची, फोडायची. दोन बोंडांत अळी निघाली तर औषधाची वेळ आली आहे. सापळ्याने बोंड फोडायला लावले, बोंडाने निर्णय दिला, असा हा क्रम आहे.

आणि या आकड्यालाही त्याची मर्यादा आहे. हंगामाच्या शेवटी शेतात खऱ्या माद्या इतक्या वाढतात की ल्यूरचा वास त्या गर्दीत हरवतो. नर सापळ्याकडे कमी येतात आणि आकडा घसरतो, कीड मात्र वाढलेली असते. जानेवारीनंतर फरदड (जुनेच पीक पुढे वाढवून) ठेवणाऱ्याला हा घसरलेला आकडा फसवतो. जिनिंगच्या आवारातही सापळे लावावेत, ही शिफारस म्हणूनच मोलाची आहे, कारण साठवलेल्या कापसातून आणि सरकीतून निघणारे पतंग जवळच्या शेतांचा पुढचा हंगाम सुरू करून देतात. याच गंधाने भरलेल्या दोऱ्या झाडांना बांधून सगळी हवाच गंधाने भरून टाकायची, म्हणजे नराला खरी मादी सापडूच नये, हीही पद्धत आता आली आहे. ती सापळा नव्हे, पण त्याच कुटुंबातली.

एका शेताची मोजणी एका शेताला उपयोगी. हजारो शेतांची एकत्र केली तर जिल्ह्याला इशारा देता येतो. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीचा मोठा हल्ला झाला. त्यानंतर महाराष्ट्राने २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ल्याचा प्रकल्प सुरू केला. ठरावीक शेतांत ठरावीक दिवशी निरीक्षण, सापळ्यातली संख्या, आणि त्यावरून मोबाइलवर सल्ला. या कामाचे कौतुक व्हावे तितके झालेले नाही.

रंगाच्या सापळ्यांबद्दल थोडक्यात. पिवळ्या चिकट पत्र्यावर मावा, पांढरी माशी, तुडतुडे येतात, कारण तो रंग त्यांना कोवळ्या पानासारखा वाटतो. फुलकिड्यांना निळा जास्त भावतो. पत्रा पिकाच्या शेंड्याच्या पातळीवर हवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवायला हवा. बांबूला एकदा ठोकला की हंगामभर विसरला, असेच सहसा होते. खाद्याच्या वासाचे सापळेही आहेत. ज्वारीच्या खोडमाशीला सुक्या मासळीची भुकटी ओढून आणते. नारळाच्या सोंड्या भुंग्यासाठी कोकणात बादलीच्या बाहेरून गोणपाट गुंडाळतात, कारण भुंगा उडत येऊन बादलीवर बसतो आणि चढून आत जातो. गुळगुळीत प्लॅस्टिकवरून तो घसरतो. अशा छोट्या तपशिलांत सापळ्याचे यशापयश दडलेले असते, आणि ते तपशील किडीच्या सवयीतूनच येतात.

शहरी वाचकासाठी दोन प्रकरणे मुद्दाम लिहिली आहेत. एक डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे. त्याची मादी अंडी पाण्यात नाही, भांड्याच्या ओल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटवते. म्हणून अंड्यांचा सापळा म्हणजे काळे भांडे, थोडे पाणी आणि आत उभी केलेली खरखरीत पट्टी. दर आठवड्याला पट्टी काढून भिंगाखाली काळे ठिपके मोजले की इमारतीच्या आवारात डास वाढतो आहे का, ते ताप येण्याआधी कळते. पण अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. भांडे विसरले तर आपण सापळा नव्हे, डासांचे पाळणाघर लावले.

दुसरे प्रकरण तिवरांचे. काही वर्षी पावसाळा सरताना विक्रोळी-ऐरोलीच्या पट्ट्यात खाडीकाठचे तिवर अचानक तपकिरी, निष्पर्ण दिसू लागते. कोणी विष टाकले, कोणी जाळले, अशी ओरड होते. हे काम एका पतंगाच्या अळीचे आहे, हिब्लिया प्युएरा. हीच अळी सागाचीही पाने फस्त करते. तिथे फवारणी करता येत नाही आणि करूही नये. खाली चिखलात खेकडे, मासे, आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी आहेत. तिवराला काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. अशा ठिकाणी पतंगांची मोजणी ठेवायची ती ही लाट केव्हा आली आणि केव्हा ओसरली हे समजण्यासाठी, आणि घाबरलेल्या माणसाला थांबा असे सांगता यावे यासाठी. कीड व्यवस्थापनात काही न करण्याचा निर्णयही आकड्यावर उभा असावा, असे माझे ठाम मत आहे.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. ऊसवाल्यांनी प्रकाश सापळ्यापासून सुरू करावे, कापूसवाल्यांनी कामगंधापासून. ल्यूर विकत घेताना पाकिटावरची तारीख पाहा, उघडेपर्यंत ते थंड जागी ठेवा आणि एका किडीचे ल्यूर हाताळलेल्या हाताने दुसऱ्या किडीचे लावू नका. बोटाला लागलेला अंशही दुसरा सापळा बिघडवतो. जुने ल्यूर शेतात फेकू नका. लावल्याची तारीख सापळ्यावरच पक्क्या शाईने लिहा. शेवटच्या पानांवर नोंदीचा तक्ता दिला आहे : तारीख, सापळा क्रमांक, संख्या, पाऊस, आणि त्या दिवशी शेतात प्रत्यक्ष काय दिसले. शेवटचा रकाना मुद्दाम सर्वांत रुंद ठेवला आहे.

कांजूरमार्ग (पूर्व), मुंबई